मर्लचा हॉर्न

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला क्लेम हॉकिंगने बायकोची जुनी स्टेशनवॅगन पोर्ट हॅरलच्या फुटबॉल मैदानावर नेली, कठड्याला नाक लावून उभी केली, किल्ली आतच ठेवली आणि तो चालत घरी आला. सामना होता शनिवारी. पण सामना साधासुधा नव्हता. जिंकलो तर अंतिम फेरी, हरलो तर पुढच्या वर्षापर्यंत रामराम. असा सामना घरच्या मैदानावर असला की गावात शनिवार उजाडायची वाट कुणी बघत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मैदानाभोवती गाड्यांचं कडं पूर्ण होतं, आणि माणसं पायी घरी जाऊन निवांत झोपतात.

किल्ली गाडीतच ठेवायची, ही इथली रीत. रात्री झाडाची फांदी पडली किंवा रुग्णवाहिकेला वाट हवी झाली, तर कुणीही यावं, गाडी चार हात सरकवावी आणि काम झालं की जागच्या जागी आणून लावावी. चाळीस वर्षांत एकही गाडी चोरीला गेली नाही की कुणाची जागा गेली नाही. कुणाची जागा कुठली हे लिहिलेलं कुठेच नाही, पण पोरासोरांनाही पाठ आहे. दक्षिण बाजूला, गेटपासून तिसरी, पंपघराच्या आडोशाला, ही मर्ल हॉकिंगची. समुद्रावरून येणारा वारा तिथे लागत नाही आणि दोन्ही टोकांचे गोलचे खांब दिसतात. इथल्या फुटबॉलात ते प्रत्येक टोकाला चार असतात.

खरं तर खेळाचं वेड मर्लला. क्लेम हा तिच्यामागून येणारा प्रेक्षक. जन्मभर धान्याच्या कोठारावर काम केलेला माणूस, शनिवारी दुपारी बायको जिथे बसेल तिथे पेपर घेऊन बसायचा. गुणतक्त्यात आपण कितवे, असं त्याला कुणी विचारलं तर तो मर्लकडे बघायचा. गोल झाला की सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचे असतात, त्यात पहिला हॉर्न कायम मर्लचा. आजारी वासरू हंबरावं तसा दोन सुरांतला, फाटका. दुरुस्त करून आणतो म्हटलं तर ती भांडायला उठायची.

फेब्रुवारीत मर्लला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, शब्द घशातच अडकायला लागले. दवाखाना सोडला तर त्यानंतर तिने उंबरा ओलांडला नव्हता. शेजारीण केक घेऊन आली की ही आतल्या खोलीत जाऊन बसायची. अंथरुणापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं होती. ती टाकायला तिला जुलै उजाडला. गावच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी बाई आधी आठवड्यातून दोनदा यायची, मग सरकारने काटकसर केली आणि ती महिन्यातून एकदा यायला लागली. मधल्या दिवसांत क्लेम स्वतःच पावलं मोजायचा.

आणि मंगळवारी, चहा पिता पिता, मर्ल आपण होऊन म्हणाली, "शनिवारी... येते."

क्लेमने कप खाली ठेवला.

"गाडीत फक्त. माझ्या जागी," ती म्हणाली. "कुणी... जवळ नको."

तो हो म्हणाला. त्या क्षणी तिने चंद्र मागितला असता तरी तो हो म्हणाला असता. हा एक दिवस नीट पार पडला तर मर्ल पुन्हा माणसांत येईल, आणि बिनसला तर आतल्या खोलीचं दार कायमचं बंद होईल, हे त्याला सांगायला कुठल्या डॉक्टरची गरज नव्हती.

शनिवारी बारा वाजता त्याने तिला रोजच्या टेम्पोत बसवलं आणि मैदानावर आणलं. तिसऱ्या जागेवर गाडी नव्हती. तिथे हवा भरून फुगवलेली एक भली मोठी निळी कमान उभी होती, दोन मजली घराएवढी. तिच्या बुडाशी हवेचा पंखा घोंघावत होता. कमानीवर मोठ्या अक्षरांत 'शेवट' लिहिलं होतं, आणि त्याखाली आमदार ॲडम वॉर्बर्टनचा हसरा चेहरा.

क्लबची सेक्रेटरी ग्लेनिस धावतच आली. तीस वर्षं क्लबच्या चहाच्या किटलीपासून हिशेबाच्या वहीपर्यंत सगळं सांभाळणारी बाई, पण आज तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्यावर ओरडू नकोस क्लेम," ती म्हणाली. "मला सकाळी कळलं. आमदाराची माणसं सातलाच आली. गाडीत किल्ली दिसली, नेली उचलून."

"कुठे?"

"संडासामागे."

क्लेमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली ठेवली होती ती वाट करून देण्यासाठी, कुणी जागा बळकवावी म्हणून नव्हे. पण शहरातून आलेल्या पोरांना हे सांगायचं कसं? त्यांना गाडी दिसली, किल्ली दिसली, झालं. चाळीस वर्षांचा विश्वास त्यांनी पाच मिनिटांत संडासामागे नेऊन लावला होता.

प्रकरण असं होतं. कोरी ब्रॅनॉक नावाचा एक धावपटू राज्याच्या पश्चिम सीमेपासून धावत निघाला होता. अकराशे किलोमीटर, नऊ दिवस, रोज तीन तास झोप. खेडोपाडीच्या दवाखान्यांसाठी म्हणे. त्याची धाव पोर्ट हॅरलच्या मैदानावर, मध्यंतरात, या कमानीखाली संपायची होती. निवडणूक आठ आठवड्यांवर आली होती, त्यामुळे कमानीखाली आमदार उभा राहणार होता. दवाखान्यातल्या बाईच्या फेऱ्या ज्यांनी कमी केल्या तेच दवाखान्यासाठी धावणाऱ्याच्या गळ्यात गळा घालणार. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

क्लेमला या अचाट माणसांचा आधीपासूनच राग होता. कुणी दोर न बांधता कडे चढतो, कुणी थंड समुद्रात पोहत सुटतो, कुणी पायांची नखं गळेपर्यंत धावतो. देवाने धड हातपाय दिलेत तर ते वापरावेत आणि संध्याकाळी घरी येऊन बसावं. त्याच्या तरुणपणी खेळ म्हणजे शनिवारी दोनला सुरू आणि पाचला बंद. आमदार यायचा तो तिकीट काढून, सॉसेज खाऊन जायचा. आता खेळात राजकारण शिरलंय की राजकारणात खेळ, हेच त्याला कळेनासं झालं होतं. मात्र एक गोष्ट त्याने मर्ललाही सांगितली नव्हती. गेले नऊ दिवस रोज सकाळी तो चोरून फोनवर नकाशा उघडत होता आणि कोरी ब्रॅनॉकचा लाल ठिपका कुठवर आलाय ते बघत होता. पाचव्या दिवशी ठिपका चार तास एकाच जागी थांबला, तेव्हा क्लेमला घास गोड लागला नव्हता.

त्याने संडासामागून गाडी काढली. ग्लेनिसने आजूबाजूच्या चार गाड्या इंच इंच सरकवून कमानीच्या मागच्या अंगाला थोडी फट करून दिली, तिथे ती कशीबशी मावली. मग त्याने मर्लला टेम्पोतून उतरवून चालकाच्या जागेवर बसवलं. हॉर्न डाव्या हाताने गाठायचा तर तीच एक जागा सोयीची होती. तो शेजारी बसला. समोर काय दिसत होतं? दक्षिणेकडचे गोलचे खांब, अर्धं मैदान, आणि त्यानंतर निळं, फुगलेलं, घोंघावणारं आमदाराचं पाठमोरं डोकं.

"कमान काढा म्हणून सांगून येतो," क्लेम म्हणाला.

मर्लने मान हलवली. नको. तिने स्कार्फ नाकापर्यंत ओढला आणि ती सीटमध्ये खाली सरकली. ती घरी चल म्हणेल याची क्लेमला धास्ती वाटली, म्हणून तो गप्प बसला. पण गप्प बसण्यात काही शहाणपण नव्हतं, नुसता नाइलाज होता, आणि नाइलाजाने माणूस अधिकच चिडतो.

सामना सुरू झाला. मॅलाबीचा संघ गव्हाच्या पट्ट्यातल्या आडदांड पोरांचा, पण पोर्ट हॅरलच्या पोरांनी चारपैकी पहिल्या दोन पाळ्यांत त्यांना पळवून पळवून दमवलं. वाऱ्याच्या दिशेमुळे आपले बहुतेक गोल उत्तरेकडे होत होते, म्हणजे नेमके कमानीपलीकडे. लोक ओरडायचे, हॉर्न वाजायचे, आणि तेव्हा कुठे मर्लला कळायचं की गोल झाला. हात हॉर्नकडे जाऊन अर्ध्यात थांबायचा. पहिला हॉर्न जिचा, ती सगळ्यांच्या मागून वाजवणार नव्हती. मध्यंतरापर्यंत तिने एकदाही हॉर्न वाजवला नाही. इथे एक गोल सहा गुणांचा; आपण अकरा गुणांनी पुढे होतो, आणि क्लेमला त्यात काडीचा आनंद नव्हता.

मध्यंतर वीस मिनिटांचं असतं. वीस झाली, तरी कोरी ब्रॅनॉकचा पत्ता नव्हता. तो अजून रेल्वे फाटकाजवळ होता आणि चालत होता. टीव्हीवाल्यांचे कॅमेरे लागले होते, त्यामुळे सामना थांबवून ठेवला गेला. पोरं मैदानात उभी राहून गारठत होती, मांड्या चोळत होती. रिकामा वेळ दिसला की आमदाराच्या हातात माइक येतोच.

ॲडम वॉर्बर्टनने आपल्या संघाच्या रंगांचा स्कार्फ घातला होता, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. जिद्द, चिकाटी, खेड्यांची हिंमत, या सगळ्यावर तो बोलला. दवाखान्यावर एक वाक्य बोलला, त्यात महिन्यातून एकदा येणारी बाई नव्हती. मग त्याने घोषणा केली. आपण निवडून आलो तर मैदानाच्या या दक्षिण बाजूला काचेचा मोठा सज्जा बांधू. आत हीटर, कॉफी, मऊ खुर्च्या.

"मित्रांनो, पोर्ट हॅरलमध्ये यापुढे कुणालाही थंडीत गाडीत बसून सामना बघायची वेळ येणार नाही," तो म्हणाला.

क्लेमने मर्लकडे बघितलं. तिने डावा हात उचलला, तळवा स्टिअरिंगच्या मध्यावर ठेवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

आजारी वासरू हंबरलं. थांबेचना. आमदाराने दचकून मागे बघितलं.

पंपघरापलीकडे कुणीतरी हॉर्न दिला. मग समोरच्या बाजूला एकाने, मग दहांनी. अर्ध्या मिनिटात मैदानाभोवतीच्या दोनशे गाड्या एकसाथ वाजायला लागल्या. दिवे उघडमीट करू लागले. खाण्याची प्लेट हातात घेतलेली माणसं खिडकीतून हात घालून आपापला हॉर्न दाबत होती. क्लेमला आधी काही उमजेना. गोल नाही, खेळ नाही, हे कशासाठी? ग्लेनिस दोन्ही हात तोंडावर धरून त्यांच्या गाडीकडे बघत उभी होती, डोळे भरलेले, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हॉर्न गावाने गेल्या सप्टेंबरपासून ऐकला नव्हता. लोक आमदाराला नाही, मर्लला उत्तर देत होते.

आणि नेमक्या त्याच वेळी, नशिबाची थट्टा बघा, कोरी ब्रॅनॉक गेटमधून आत आला. काटकुळा, उन्हाने भाजलेला, एका कुशीवर कललेला माणूस. हॉर्नच्या त्या गदारोळात तो कमानीखाली पोचला आणि चेहरा झाकून हुंदके देऊन रडायला लागला. आमदाराने त्याला मिठी मारली, कॅमेऱ्याकडे तोंड करून दुसरा हात हवेत उंचावला आणि गाड्यांना अभिवादन केलं. क्लेम हात चोळत बघत राहिला. त्याच्या बायकोने सात महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांत नाही म्हटलं होतं, आणि ते बघता बघता दुसऱ्याच्या गळ्यातला हार झालं होतं.

तिसरी पाळी सुरू झाली तेव्हा मध्यंतर चाळीस मिनिटांचं झालं होतं. आपल्या पोरांचे पाय लाकडं झाले होते. मॅलाबीच्या पोरांनाही थंडी तेवढीच लागली होती, पण हे गावात कुणी कबूल करणार नाही. मॅलाबीने लागोपाठ तीन गोल केले, तेही दक्षिणेकडे, म्हणजे मर्लला अगदी स्वच्छ दिसतील असे. आमदाराला शहरात दुसरा कार्यक्रम होता, तो निघून गेला. कमान मात्र उभीच होती, टीव्हीवाल्यांना आणखी काही दृश्यं घ्यायची होती.

गाडीच्या काचेवर टकटक झाली. कोरी ब्रॅनॉक होता.

"माफ करा हं," तो म्हणाला. "दहा मिनिटं आत बसू का? वारा झोंबतोय, आणि त्या लोकांच्या गाडीत बसलं की ते प्रश्न विचारतात."

कुणी जवळ नको, असं मर्लने बजावलं होतं. क्लेमने तिच्याकडे बघितलं. तिने बाजूच्या आरशातून त्या माणसाच्या पायांकडे पाहिलं. बुटांची टोकं कापलेली होती आणि आतले मोजे रक्ताने काळे पडले होते. तिने हनुवटीने मागची सीट दाखवली.

क्लेमने थर्मासमधला चहा दिला, अर्धी पेस्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरून भाजलेली करंजी, दिली. नऊ दिवस ज्याच्या ठिपक्यावर नजर ठेवली तो माणूस मागच्या सीटवर बसून पेस्टीचा चुरा सांडत होता. शेवटी क्लेमने पाचव्या दिवशी काय झालं होतं तेवढं विचारलं.

"रस्त्याच्या कडेला बसून रडत होतो," कोरी म्हणाला. "कशासाठी करतोय तेच आठवेना. पण आज आत आलो, ते हॉर्न ऐकले. एवढी माणसं माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी... नव्हते," मर्ल म्हणाली.

मागे न वळता, आरशात बघत, मर्लने पुन्हा एकदा, सावकाश, एकेक शब्द जुळवत ते वाक्य पूर्ण केलं. "तो हॉर्न... माझा होता."

कोरी हसायला लागला, बरगड्या दुखत होत्या म्हणून त्यांवर हात धरून हसला. नऊ दिवसांत सगळ्यांनी त्याला देवमाणूस म्हटलं होतं, खरं कुणी बोललं नव्हतं, असं तो म्हणाला. मग हॉर्न कशाला वाजवला, असं त्याने विचारलं. तेव्हा क्लेमचा बांध फुटला. किल्ली, संडास, काचेचा सज्जा, महिन्यातून एकदा येणारी बाई, अकरा पावलं, सगळं त्याने एका दमात ओकून टाकलं. आणि सरतेशेवटी बोट दाखवून म्हणाला, "तुझ्या त्या कमानीपायी हिला अर्धं मैदान दिसत नाही. एवढ्यासाठी घराबाहेर पडली होती."

कोरीने कमानीकडे बघितलं. दार उघडून तो बाहेर उतरला. उतरताना विव्हळला. गाडीपासून पंख्यापर्यंत फार तर पंधरा पावलं असतील. ती त्याने एकेक करून, गाडीच्या बॉनेटला, मग कठड्याला धरत टाकली. क्लेम नकळत मोजत होता. आणि मर्ल, त्याला दिसलं, ओठ हलवून मोजत होती.

कोरीने खाली वाकून पंख्याची वायर उपटली.

घोंघाट थांबला. कमानीने दम सोडला, आमदाराचा गाल आत गेला, नाक वाकलं, आणि सगळा निळा डोलारा हळूहळू गुडघ्यावर आला. आयोजकांचा एक पोरगा ओरडत धावला, अजून चित्रीकरण बाकी आहे म्हणून.

"माझं धावणं संपलं," कोरी त्याला म्हणाला. "मग शेवट कशाला उभा ठेवायचा?"

समोर उत्तरेकडचे खांब उभे होते. पांढरे, सरळ, चारही. मर्ल सीटमध्ये वर सरकली. तिने स्कार्फ हनुवटीखाली केला. शेवटच्या पाळीत आपल्या पोरांनी दोन गोल केले आणि दोन्ही वेळा चेंडू खांबांमधून पार व्हायच्या आत वासरू हंबरलं होतं. बाकीच्या गाड्या नेहमीप्रमाणे तिच्या मागून.

पण मॅलाबीचेही गुण चढत राहिले. चार गुणांनी हरलो.

संध्याकाळी सहाच्या बातम्यांत पोर्ट हॅरल दिसलं. ग्लेनिस दिसली, पोरं दिसली, रडणारा कोरी दिसला. आणि हॉर्नचा तो कल्लोळ, त्यात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत वर मर्लचा हॉर्न. खाली पट्टी होती: काचेच्या सज्ज्याच्या घोषणेचं गावाकडून उत्स्फूर्त स्वागत. आमदार हात उंचावून उभा. कमान कोसळलेली कुठेच दाखवली नाही.

क्लेमने रिमोट सोफ्यावर आपटला. टीव्हीवाल्यांना पत्र लिहीन म्हणाला, आमदाराला लिहीन, ग्लेनिसला सही करायला लावीन. या लोकांसमोर माणसाने नाही तरी कसं म्हणायचं, ओरडलं तरी टाळी, रडलं तरी टाळी. पुढच्या वर्षी तिथे काच उभी राहील, मऊ खुर्च्या येतील, आणि आपण घरी बसू. तो खोलीत येरझारा घालत बोलत राहिला, आणि बोलता बोलता एकदम थांबला. मघाशी दार वाजलं होतं, ग्लेनिस उरलेल्या पेस्ट्या घेऊन येऊन गेली होती. मर्ल आतल्या खोलीत गेली नव्हती. ती तशीच खुर्चीत बसून होती, दिव्याखाली, वाकडं तोंड घेऊन, ग्लेनिसच्या समोर.

"पुढच्या वर्षी," मर्ल म्हणाली.

क्लेम तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला, म्हणजे तिला जोरात बोलायला लागू नये.

"गाडी... गुरुवारी लाव," ती म्हणाली. "आणि किल्ली... घरी आण."